बुरशीपासून पॅकिंग, नारळपाण्यापासून ‘चामडं’: सजीव आणि कचऱ्यातून नवं साहित्य कसं तयार होतं?

नवा टीव्ही किंवा मिक्सर घरी आला की खोक्यातून आधी बाहेर येतात थर्माकोलचे पांढरे तुकडे. कारखान्यापासून घरापर्यंत वस्तू फुटू न देणं, एवढंच त्यांचं काम. ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपतं. थर्माकोल मात्र संपत नाही. तो कुजत नाही, वजन काहीच भरत नाही म्हणून भंगारवाला सहसा घेत नाही, आणि मोडला की त्याचे बारीक मणी वाऱ्याबरोबर गटारात, ओढ्यात आणि पुढे समुद्रात जातात.

म्हणजे दोन महिन्यांच्या कामासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा पदार्थ वापरतो. खरी गडबड इथेच आहे.

ती दूर करण्यासाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभरचे डिझायनर, शास्त्रज्ञ आणि उद्योजक वेगळ्या वाटेने काम करत आहेत. वस्तू बनवायला बुरशी, जिवाणू, समुद्रशेवाळ यांना कामाला लावायचं आणि त्यांना खायला द्यायचा शेतातला किंवा कारखान्यातला कचरा. हे कसं चालतं, कुठपर्यंत पोचलंय आणि यात खरं किती, जाहिरात किती, ते पाहू.

प्रश्न केवढा मोठा आहे?

जगात दरवर्षी ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतं. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३५ कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला फक्त ९ टक्के पुनर्वापरात आला. जवळपास निम्मा जमिनीत पुरला गेला, काही जाळला गेला आणि उरलेला उघड्यावर, नदीनाल्यांत गेला.

प्लास्टिक हा एकटाच दोषी नाही. माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. चामडं कमावताना क्रोमियमचं दूषित पाणी तयार होतं. नकली चामडं म्हणजे ‘रेक्झिन’ घ्यावं, तर ते पुन्हा प्लास्टिकच.

दुसऱ्या बाजूला शेतातला कचरा आहे. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५० कोटी टन पिकांचे अवशेष निघतात. त्यातला काही भाग शेतातच पेटवला जातो. पंजाब-हरियाणातली पराली दिल्लीच्या धुरामुळे बातम्यांत येते, पण आपल्याकडेही ऊस तुटल्यावर पाचट पेटवलेले फड दिसतातच.

एका बाजूला न कुजणारा माल आणि दुसऱ्या बाजूला जाळून टाकलेला, कुजू शकणारा माल. या दोन टोकांना जोडायचं, एवढीच ही मूळ कल्पना.

जैव-साहित्य म्हणजे नेमकं काय?

‘बायोमटेरियल’, ‘बायोप्लास्टिक’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द सर्रास एकत्र वापरले जातात. समजायला सोपं जावं म्हणून तीन गट करू.

पहिला गट: कचऱ्यावर प्रक्रिया करून बनवलेलं साहित्य. उसाच्या चिपाडांच्या लगद्याची ताटं, अननसाच्या पानांच्या धाग्यांचं कापड, पऱ्हाटीचे बोर्ड. यात सजीव काम करत नाही, माणूस आणि यंत्र करतात.

दुसरा गट: सजीवाने ‘वाढवलेलं’ साहित्य. इथे बुरशी किंवा जिवाणू कचरा खातात आणि त्यांच्या वाढीतूनच वस्तू तयार होते. वस्तू झाली की तो सजीव मारला जातो.

तिसरा गट: ज्यात सजीव जिवंत ठेवलेला असतो. उदाहरणार्थ, भेग पडली की जागे होऊन ती बुजवणारे जिवाणू मिसळलेलं काँक्रीट.

हे तिन्ही गट वेगळे आहेत. त्यांचे फायदे वेगळे, तोटेही वेगळे.

ही कल्पना नवी नाही

शेणामातीने सारवलेल्या भिंती, कुडाची घरं, काथ्याचे दोर हे सगळं याच जातीतलं. पण आपल्या जवळचं सर्वांत सुंदर उदाहरण वेरूळचं आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांचा एक अभ्यास २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. माती आणि चुन्यात हे तंतू मिसळले होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांगेचा वापर आढळला नाही, आणि तिथल्या चित्रांचं किडींनी बरंच नुकसान केलं आहे. वेरूळचा गिलावा मात्र किडींपासून वाचला. त्याचं श्रेय या अभ्यासाने भांगेच्या तंतूंना दिलं आहे. म्हणजे कोणत्या झाडाचा कोणता भाग कुठे वापरावा, हे ज्ञान त्या कारागिरांकडे होतं.

दुसरं उदाहरण लाखेचं. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा पदार्थ सोडतात. तो तापवला की मऊ होतो, साच्यात घातला की आकार घेतो आणि गार झाला की कडक होतो. हे तर प्लास्टिकचंच वर्णन झालं! ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या याच लाखेपासून बनत. पुढे व्हिनाइल आलं आणि लाखेच्या तबकड्या मागे पडल्या.

अमेरिकेत १९४१ मध्ये हेन्री फोर्ड यांनी सोयाबीन आणि इतर शेतमालापासून बनवलेल्या पत्र्यांची मोटार लोकांना दाखवली होती. मग दुसरं महायुद्ध आलं आणि तो प्रयोग तिथेच थांबला. युद्धानंतर खनिज तेल स्वस्त होतं आणि त्यापासून बनणारं प्लास्टिक त्याहून सोयीचं.

ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जैव-साहित्य मागे पडलं ते वाईट होतं म्हणून नाही. तेल स्वस्त होतं आणि कचऱ्याचा खर्च कुणाच्याच हिशेबात धरला जात नव्हता, म्हणून.

बुरशीचं पॅकिंग कसं बनतं?

या क्षेत्रातली सर्वांत पुढे गेलेली गोष्ट म्हणजे बुरशीपासून बनवलेलं पॅकिंग.

आपण ज्याला मशरूम म्हणतो ते बुरशीचं फळ. खरी बुरशी असते जमिनीत किंवा लाकडात पसरलेलं पांढऱ्या, अतिशय बारीक तंतूंचं जाळं. याला कवकजाल म्हणतात. हे तंतू पाचक रस सोडून लाकूड, पेंढा, काड्या पचवतात आणि वाढता वाढता त्या तुकड्यांना एकमेकांशी घट्ट बांधतात. म्हणजे बुरशी हा निसर्गातला जिवंत डिंक आहे.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या शेतावर वाढलेल्या एबेन बेयर यांनी लाकडाचे तुकडे बुरशीने असे चिकटलेले पाहिले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी गॅव्हिन मॅकिंटायर यांच्यासोबत याचं साहित्य बनवायचं ठरवलं आणि २००७ मध्ये ‘इकोव्हेटिव्ह’ ही कंपनी सुरू झाली. २०११ मध्ये संगणक बनवणाऱ्या ‘डेल’ने आपल्या सर्व्हरच्या पॅकिंगसाठी बुरशीचं साहित्य वापरायला घेतलं.

कृती साधारण अशी:

१. शेतातला कोरडा कचरा, म्हणजे देठं, काड्या, तूस, बारीक करतात.
२. तो ओला करून वाफेने तापवतात. नको असलेल्या बुरश्या आणि जिवाणू मरावेत म्हणून.
३. त्यात हव्या त्या बुरशीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, मिसळतात.
४. मिश्रण साच्यात भरून अंधाऱ्या, दमट जागी ठेवतात. साधारण आठवड्याभरात बुरशी साचा भरून टाकते.
५. तयार झालेला ठोकळा साच्यातून काढून तापवून वाळवतात. यात बुरशी मरते, वाढ थांबते आणि मशरूम उगवत नाही.

धिंगरी अळंबीचं उत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्याला यातल्या पहिल्या चार पायऱ्या ओळखीच्या वाटतील. पेंढा किंवा सोयाबीनचं कुटार भिजवणं, निर्जंतुक करणं, स्पॉन भरणं, अंधार ठेवणं, सगळं तेच. फरक इतकाच की अळंबीवाला फळ येण्याची वाट पाहतो आणि पॅकिंगवाला फळ येण्याआधीच थांबवतो.

तयार झालेला ठोकळा हलका असतो, धक्का सोसतो, उष्णता अडवतो आणि थर्माकोलसारखा भडकन पेट घेत नाही. काम झाल्यावर तुकडे करून बागेच्या मातीत मिसळला तर कंपनीच्या सांगण्याप्रमाणे साधारण ४५ दिवसांत कुजतो.

मर्यादाही आहेत. तो पाणी शोषतो. थर्माकोलपेक्षा वजनाला जास्त भरतो. आणि तो विटेसारखा दिसला तरी विटेइतका भार पेलत नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘मोमा पीएस-१’ या कलासंस्थेच्या अंगणात वास्तुरचनाकार डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ने बुरशी आणि मक्याच्या ताटांपासून बनवलेल्या सुमारे १०,००० विटांचा, १२ मीटरच्या आसपास उंचीचा मनोरा उभारला होता. नाव होतं ‘हाय-फाय’. उन्हाळा संपल्यावर तो उतरवला आणि विटांचं खत केलं. पण तो काही महिन्यांसाठीच होता. अशा विटांची बहुमजली इमारत कुणी बांधलेली नाही.

म्हणून आज बुरशीचं साहित्य शोभतं ते कमी काळाच्या कामांना: पॅकिंग, आवाज अडवणारी तावदानं, प्रदर्शनातले मांडव. नेदरलँड्समध्ये २०२० पासून बुरशीची शवपेटीही मिळते. मृतदेहाबरोबर पेटीही मातीत मिसळते.

आपल्याकडे याचा एक सरळ उपयोग डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. गणपतीचं मखर दहा-अकरा दिवसांसाठी लागतं. दहा दिवसांच्या कामाला दीड महिन्यात कुजणारं साहित्य, हा हिशेब बरोबर जुळतो.

नारळपाण्यावरची साय

आता केरळमध्ये जाऊ. खोबरं आणि तेलाच्या कारखान्यांत जून नारळ फोडतात. त्यातलं पाणी शहाळ्यासारखं गोड नसल्याने पुष्कळदा सांडून दिलं जातं. जास्त प्रमाणात ते आंबून जमीन आणि पाणी आम्लधर्मी करतं.

स्लोव्हाकियाच्या डिझायनर झुझाना गोंबोशोव्हा आणि केरळचे सुस्मित सुशीलन यांनी या पाण्यावर ‘मलाई’ नावाचं साहित्य उभं केलं. नारळपाणी निर्जंतुक करून त्यात विशिष्ट जिवाणू सोडतात. आपण दुधाला विरजण लावतो तसंच. हे जिवाणू पाण्यातली साखर खाऊन सेल्युलोजचे सूक्ष्म धागे विणतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पाण्यावर जाड, जेलीसारखी साय जमते. फिलिपाइन्समध्ये हीच साय ‘नाटा दे कोको’ या नावाने गोड पदार्थ म्हणून खातात.

ही साय दळून तिच्यात केळीच्या खोडाचे, घायपाताचे तंतू आणि नैसर्गिक डिंक मिसळतात आणि पातळ थर करून वाळवतात. हाती येतो तो चामड्यासारखा, लवचिक, पिशव्या आणि पाकिटं शिवता येतील असा पदार्थ.

झाडातलं सेल्युलोज काढायला लाकडातलं लिग्निन रसायनांनी वेगळं करावं लागतं. जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज मुळातच शुद्ध असतं. हा त्यांचा मोठा फायदा.

पानं, फुलं आणि शेवाळ

‘पिन्याटेक्स’ची गोष्ट फिलिपाइन्समधली. स्पेनच्या कार्मेन हिहोसा चामडं उद्योगाच्या सल्लागार म्हणून तिथे गेल्या होत्या. चामडं कमावण्यातलं प्रदूषण पाहून त्या पर्याय शोधू लागल्या. अननस काढल्यावर उरलेल्या पानांत मजबूत तंतू असतात आणि तिथे त्यांचं पारंपरिक कापडही विणलं जातं. या तंतूंपासून त्यांनी न विणता दाबून बनवलेलं कापड तयार केलं. एक चौरस मीटर मालाला साधारण ४८० पानं लागतात.

कानपूरच्या ‘फूल’ या कंपनीने देवळांत वाहिलेल्या फुलांचं निर्माल्य गोळा करून अगरबत्ती बनवायला सुरुवात केली. एरवी ही फुलं गंगेत जात. पुढे याच फुलांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून त्यांनी ‘फ्लेदर’ हा चामड्याचा पर्याय विकसित केला.

लंडनच्या ‘नॉटप्ला’ने समुद्रशेवाळापासून पातळ पापुद्रे बनवले. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना या पापुद्र्याच्या गोळीतून पेय दिलं गेलं. गोळी तोंडात टाकायची, कवच गिळलं तरी चालतं. २०२२ मध्ये त्यांना अर्थशॉट पुरस्कार मिळाला. समुद्रशेवाळाला शेतजमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, खत लागत नाही. भारतात तमिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरम भागात शेवाळाची शेती होते.

भेग स्वतः बुजवणारं काँक्रीट

काँक्रीटला बारीक भेगा पडणारच. त्यांतून पाणी शिरतं, आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅब सुटतो. पावसाळ्यात स्लॅब कोसळल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हेच असतं.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट मिसळलं. बीजाणू म्हणजे जिवाणूंची झोपी गेलेली अवस्था. काँक्रीटसारख्या क्षारधर्मी जागीही ते वर्षानुवर्षं तग धरतात. भेग पडून पाणी आत आलं की जिवाणू जागे होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार करतात. चुनखडी भेग भरते. ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अशा बुजल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

यातून सिमेंट लागणं थांबत नाही. पण इमारत जास्त टिकली तर ती पाडून पुन्हा बांधायला लागणारं सिमेंट वाचतं. ‘शाश्वत’ म्हणजे फक्त कुजणारं असं नाही. जिथे वस्तू टिकायला हवी, तिथे ती जास्त टिकणं हेही शाश्वतच.

‘कुजतं’ म्हणजे नक्की कुठे कुजतं?

सर्वांत जास्त फसगत याच शब्दात होते.

‘बायोबेस्ड’ म्हणजे फक्त एवढंच की कच्चा माल सजीवापासून आला. तो कुजेलच असं नाही. उसापासून बनवलेलं पॉलिथीन हे शेवटी पॉलिथीनच असतं, तेलापासून बनवलेल्या पॉलिथीनइतकंच न कुजणारं.

‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे सूक्ष्मजीव ते कधी ना कधी खातील. पण किती दिवसांत आणि कुठे, हे शब्द सांगत नाही.

‘कंपोस्टेबल’ला मात्र कसोटी आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार साधारण ५८ अंश तापमानाच्या, नीट चालवलेल्या खतप्रकल्पात १८० दिवसांत किमान ९० टक्के विघटन व्हावं लागतं. भारतात कंपोस्टेबल पिशव्या विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

ही ५८ अंशांची अट महत्त्वाची आहे. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं ‘पीएलए’ हे बायोप्लास्टिक मोठ्या खतप्रकल्पात कुजतं. घरच्या कुंडीत, कचरा डेपोत किंवा समुद्रात इतकी ऊब नसते, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. पुणे जिल्ह्यात जेजुरीजवळ २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजने अशा जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. माल इथेच तयार होणं चांगलंच आहे. पण वापरून झाल्यावर तो वेगळा गोळा करून योग्य खतप्रकल्पात नेणारी साखळी नसेल, तर अर्धंच काम झालं.

जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टी

वरचा थर: पाण्यापासून आणि घासण्यापासून बचाव व्हावा म्हणून वनस्पतीजन्य ‘चामड्या’च्या पुष्कळ प्रकारांवर पॉलियुरेथेनचा थर देतात. पिन्याटेक्समध्येही पीएलए आणि वरून राळेचा थर असतो. ‘निवडुंगाचं’, ‘सफरचंदाचं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात प्लास्टिकचा वाटा मोठा असू शकतो. वनस्पती आणि प्लास्टिक असं एकजीव झालं की ते धड कुजत नाही, धड पुनर्वापरात जात नाही.

तेलकट न होणारी ताटं: चिपाडाच्या लगद्याच्या ताटातून तेल झिरपू नये म्हणून काही उत्पादक ‘पीफास’ गटातली रसायनं वापरत. ही निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनात त्यांच्यावर बंदी घातली. अमेरिकेतही अशा तेलरोधक पीफासची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केलं.

किंमत: थर्माकोलचा ठोकळा मिनिटांत निघतो, बुरशीच्या ठोकळ्याला आठवडा लागतो. तेवढे दिवस साचा अडकतो, जागा अडकते, वाफेला इंधन लागतं. अमेरिकेच्या ‘बोल्ट थ्रेड्स’ने बुरशीपासून ‘मायलो’ नावाचं चामडं बनवलं होतं. आदिदास, स्टेला मॅकार्टनी अशी बडी नावं सोबत होती. तरीही पुरेसं भांडवल न मिळाल्याने २०२३ मध्ये त्याचं उत्पादन थांबवावं लागलं. प्रयोगशाळेत जमणं आणि बाजारात टिकणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आणि मुख्य प्रश्न: हा ‘कचरा’ कुणाचा?

परदेशातल्या लेखांत शेतमालाच्या अवशेषांना बिनधास्त कचरा म्हटलेलं असतं. आपल्याकडे तसं म्हणताना थांबायला हवं.

ज्वारीचा कडबा हा कचरा नाही, ते जनावरांचं खाणं आहे. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी किती महाग होते, हे सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. विदर्भातली पऱ्हाटी कित्येक घरांत चुलीचं सरपण आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २५० ते ३०० किलो चिपाड निघतं, पण साखर कारखाने तेच बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज तयार करतात. उसाचं पाचट शेतात कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि ओल टिकते.

उद्या शहरातल्या पॅकिंगसाठी हे सगळं विकत जाऊ लागलं, तर गाईला काय घालायचं आणि जमिनीला काय द्यायचं, हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून निवड नीट करावी लागेल. जे आज खरोखर पेटवलं किंवा फेकलं जातं, तेच आधी घ्यायला हवं: जास्तीची पऱ्हाटी, घड काढल्यावर जळगावकडच्या केळीबागांतून फेकलेली खोडं, देवळांतलं निर्माल्य, नारळपाणी. मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पेटवण्याऐवजी पऱ्हाटी विकली गेली तर शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतात. पण ती गोळा करणं, भुगा करणं आणि वाहून नेणं यातच मोठा खर्च जातो, कारण माल हलका आणि जागा जास्त खाणारा. असे उद्योग शहराजवळ नाही, शेताजवळ आणि छोट्या आकारात उभे राहिले तरच परवडतात.

इथे बुरशीचा एक गुण कामी येतो. तिला प्रचंड दाबाची किंवा तापमानाची यंत्रं लागत नाहीत. स्वच्छता, वाफ, साचे आणि संयम, एवढ्यावर काम चालतं. अळंबीची शेड चालवणारा गट हे शिकू शकतो.

खरेदी करताना काय विचाराल?

पुढच्या वेळी ‘इको-फ्रेंडली’ लिहिलेली वस्तू हातात आली की हे प्रश्न विचारा:

• ही कशापासून बनली आहे? मुख्य घटक किती टक्के आणि वरचा थर कशाचा?
• ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय की ‘कंपोस्टेबल’? कंपोस्टेबल असेल तर प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का?
• घरच्या खतात कुजेल की मोठा खतप्रकल्प लागेल? आपल्या गावात तसा प्रकल्प आहे का?
• जिथे ही वापरायची ते काम किती दिवसांचं आहे? वस्तूचं आयुष्य त्या कामाला साजेसं आहे का?
• आणि सगळ्यात आधी: ही वस्तू मुळात लागतेच का? घरचं स्टीलचं ताट कुठल्याही एकदाच वापरायच्या ताटापेक्षा बरं.

जगातल्या एकूण प्लास्टिकमध्ये जैवप्लास्टिकचा वाटा आजही १ टक्क्याहून कमी आहे. बुरशी आणि जिवाणू एकटे हा डोंगर हलवणार नाहीत. त्यांनी एक गोष्ट मात्र सिद्ध केली आहे: वस्तू बनवतानाच तिच्या शेवटाचा विचार करता येतो. ती कुठून आली, किती दिवस लागणार आणि शेवटी कुणाच्या अंगणात पडणार, हे तीन प्रश्न कारखान्यात आधी विचारले गेले, तर पुढचा बराचसा कचरा तयारच होणार नाही.